मनाची काळजी आणि दांतांचें आरोग्य

बैलांच्या बाजारांत उभा राहिलेला शेतकरी काय काय पाहतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. खांदा, खूर, चाल हीं तो पाहतोच. परंतु दाव्याला हात घालण्यापूर्वीं तो जनावराचें तोंड उघडून पाहतो. अदंत, दोनदांती, चारदांती, सहादांती, जुळलेला, अशी वयाची पायरी दांतांवरून ठरते आणि तीवरून किंमत ठरते. दांत झिजलेल्या बैलास दलालानें कितीहि वाखाणलें तरी जाणता गृहस्थ फसत नाहीं. हाच जाणता गृहस्थ स्वतःच्या तोंडांत मात्र वर्षांतून एकदांहि डोकावत नाहीं. दाढ ठणकूं लागली म्हणजे लवंग, हिरडी सुजली म्हणजे मिठाचें पाणी, आणि दांत हलूं लागला म्हणजे तो उपटून टाकणें, एवढेंच आपलें दंतशास्त्र.

दांतांच्या निगेविषयीं यापूर्वीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. शेतकऱ्याच्या मनावर ज्या काळज्यांचा भार असतो, त्या त्याच्या तोंडांत कोणत्या वाटांनीं उतरतात आणि त्या वाटा कशा अडवितां येतात, एवढेंच सांगण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे. पावसानें दिलेली ओढ, बाजारांत पडलेला भाव, सोसायटीचा हप्ता, मुलीचें लग्न, यांची काळजी करूं नका असा उपदेश आम्ही करणार नाहीं. तसला उपदेश फुकट जातो हें आम्हांस अनुभवानें ठाऊक आहे. पण काळजी गेली नाहीं तरीहि दांत वांचवितां येतात, ही गोष्ट खरी असून ती फार थोड्यांस माहीत आहे.

एक हकीकत

आमच्या परिचयाचे एक मध्यम वयाचे शेतकरी आहेत. त्यांचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तीन वर्षांपूर्वीं त्यांची विहीर आटली, नव्या बोअरला पाणी लागलें नाहीं, आणि त्याच सालीं कांद्यानें दगा दिला. त्या हिंवाळ्यांत त्यांची उजवीकडील दाढ दुखूं लागली. कीड लागली असेल असें समजून त्यांनीं ती तालुक्याच्या गांवीं जाऊन काढवून घेतली. चार महिन्यांनीं शेजारची दाढ दुखूं लागली, तीहि काढविली. तिसऱ्या दाढेच्या वेळीं दुसऱ्या दंतवैद्याकडे जावें लागलें, आणि या खेपेस त्यांच्या पत्नी बरोबर होत्या. तरुण डॉक्टरांनीं दाढ निरखून पाहिली आणि विचारलें, "काका, रात्रीं झोपेंत दांत खातां काय?"

"छे! मला तरी कांहीं ठाऊक नाहीं."

तेव्हां बाई मध्येंच म्हणाल्या, "तुम्हांला कसें ठाऊक असणार? रात्रभर जात्यावर मका भरडावा तसा आवाज येतो. मला वाटलें, पोटांत जंत झाले असतील."

दाढेला कीड नव्हतीच. तिच्या माथ्यावर बारीक चीर गेली होती. सकाळीं उठतांना जबडा आंबलेला असणें, कानशिलें दुखणें, गार पाणी दांतांस झोंबणें, हीं सर्व लक्षणें त्या गृहस्थांना वर्षभर होतीं. पण त्यांचा आणि आटलेल्या विहिरीचा कांहीं संबंध असेल हें त्यांच्या स्वप्नींहि नव्हतें. तिसरी दाढ टोपी बसवून राखतां आली. पहिल्या दोन कदाचित् तशाच राखतां आल्या असत्या. आतां त्या परत यावयाच्या नाहींत.

भाषेस हें पूर्वींच ठाऊक होतें

मन आणि तोंड यांचा संबंध आपल्या भाषेनें शास्त्रज्ञांच्या फार पूर्वीं ओळखला होता. रागावलेला मनुष्य दांतओठ खातो. भ्यालेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, आणि संकट अकस्मात् कोसळलें म्हणजे तोंडचें पाणी पळतें. या म्हणण्यांत अलंकार थोडा आणि शरीरांत प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टीचें वर्णन अधिक आहे. आपल्या जुन्या धर्मशास्त्रग्रंथांत चोरीच्या संशयासाठीं तांदुळाचें दिव्य सांगितलें आहे. संशयितानें तांदूळ चावून पानावर थुंकावयाचे. त्यांत रक्त दिसलें किंवा त्याचें अंग थरथरलें तर तो दोषी ठरावयाचा. भीतीनें लाळ आटते आणि कोरड्या तोंडांत चावतांना हिरडी व टाळू सहज खरचटतात, हेंच त्यामागील इंगित असावें. निर्दोष माणसाचीहि भीतीनें तीच गत होत असेल, हा त्या न्यायांतील दोष; पण निरीक्षण मोठें मार्मिक होतें.

पाश्चात्य शास्त्रज्ञांनीं या निरीक्षणाचीं कारणें शोधलीं. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वेदना, भूक, भय आणि क्रोध यांनीं शरीरांत काय पालट होतात हें मांडलें. संकट दिसतांच शरीर लढावयास किंवा पळावयास सज्ज होतें; रक्त स्नायूंकडे धांवतें आणि अन्नपचनाचीं कामें मागें पडतात. लाळ सुटणें हें त्या कामांपैकींच एक होय. पुढें १९३६ सालीं मॉन्ट्रियल येथील हान्स सेल्ये यांनीं उंदरांवरील प्रयोगांवरून दाखविलें कीं, थंडी, जखम, अतिश्रम अशा निरनिराळ्या पीडा दिल्या तरी शरीरांतील बदल एकाच सांच्याचे होतात. मूत्रपिंडावरील ग्रंथि वाढतात, रोगाशीं लढणाऱ्या पेशी जेथें तयार होतात ती छातींतील थायमस ग्रंथि आकसते, आणि जठरांत व्रण पडतात.

वाघ समोर आला तर तो घटकाभरांत निघून जातो किंवा माणूस तरी निसटतो. अशा क्षणिक भयासाठीं शरीराची ही तयारी उपयोगाचीच आहे. कर्जाचा हप्ता मात्र मृगापासून होळीपर्यंत उशाशीं बसून राहतो. संकटाची घंटा महिनोन्‌महिने वाजत राहिली म्हणजे काय होतें, हा आपल्यापुढील प्रश्न आहे. तोंडापुरतें पाहिलें तर या दीर्घ काळजीच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट : दांत खाणें

दांताचें वरचें कवच हा शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ होय. हाडाहूनहि तें कठीण असतें. पण त्यांत जिवंत पेशी नसल्यामुळें तें एकदां झिजलें कीं पुन्हां वाढत नाहीं. हाड मोडलें तर जुळतें, कातडी फाटली तर भरून येते. दांताचें कवच गेलें तें गेलें. जेवतांना वरचे व खालचे दांत एकमेकांस थोडाच वेळ लागतात आणि त्यांच्यामध्यें घांस असतो. दांत खाणारा मनुष्य घांस नसतां दांतावर दांत घासतो, म्हणजे रिकामें जातें ओढतो. रिकाम्या जात्याचीं तळी झिजतात, तसेच दांतांचे माथे सपाट होतात; कधीं कवचाला चीर जाते, कधीं भरलेली दाढ फुटते, आणि कानापुढील सांधा दुखूं लागतो.

ही खोड दोन प्रकारची आहे. एक झोपेंतील, जिचा पत्ता बहुधा शेजारीं निजणाऱ्यासच असतो. दुसरी जागेपणींची. औतामागें चालतांना, हिशेबाची वही उघडतांना, मोबाईलवर बाजारभाव पाहतांना मनुष्य नकळत दांत आवळून धरतो. मनावरील ताणाशीं या दुसऱ्या प्रकाराचा संबंध अधिक स्पष्ट आढळतो. झोपेंतील प्रकारास ताणाखेरीज अन्य कारणेंहि असूं शकतात. घोरणें व झोपेंत श्वास अडखळणें, दारू, तंबाखू, अति चहा-कॉफी आणि कांहीं औषधें हीं त्यांपैकीं होत. म्हणून दांत खाणारा प्रत्येक मनुष्य चिंताग्रस्तच असतो असें समजूं नये. लहान मुलेंहि पुष्कळदां दांत खातात, आणि त्यांची खोड बहुधा वाढत्या वयाबरोबर आपोआप सुटते.

जनावरांतहि याचा दाखला आहे. दिवसेंदिवस तबेल्यांत कोंडून ठेवलेला घोडा गव्हाणीच्या कडेला दांत लावून चावत राहतो आणि पुढचे दांत झिजवून घेतो. माणसांतील दाखला कोरोनाच्या साथीचा. २०२१ सालीं अमेरिकेंतील दंतवैद्यांच्या संघटनेनें आपल्या सभासदांची विचारपूस केली, तेव्हां १०० पैकीं ७० हून अधिक दंतवैद्यांनीं दांत खाणारे व दांत आवळणारे रोगी वाढल्याचें सांगितलें. रोजगाराची, आजाराची आणि कोंडलेपणाची काळजी दाढांवर उतरली होती.

दुसरी वाट : हिरड्यांची दुर्बलता

दांत कितीहि स्वच्छ घासले तरी कांहीं तासांतच त्यांवर जंतूंचा पातळ, चिकट थर पुन्हां बसूं लागतो. तो रोज काढला नाहीं तर लाळेंतील क्षारांनीं घट्ट होऊन त्याचें किटण बनतें. या थरानें हिरडी लाल होते, सुजते आणि दांत घासतांना तींतून रक्त येतें. येथवर रोग पूर्ण परतविण्याजोगा असतो. याकडे दुर्लक्ष झालें तर पुष्कळांची हिरडी पुढें दांतापासून सुटते, मध्यें खोबण पडते, दांतास धरून ठेवणारें हाड झिजतें, आणि ज्याला किडीचा ठिपकाहि नाहीं असा दांत हलूं लागतो. यालाच पूर्वीं पायोरिया म्हणत.

या रोगाचें मूळ जंतूंचा थर हेंच होय, ही गोष्ट वाचकांनीं पक्की ध्यानांत ठेवावी. काळजी स्वतः हिरडी सडवीत नाहीं. पिकास पाण्याचा ताण पडला म्हणजे कोळी कीड बळावते, हें आपण कोरड्या सालीं पाहतों. कोळी ताणांतून जन्मास येत नाहीं. ताणानें त्याला रान मोकळें मिळतें. मनावरील ताणाचें व हिरडीचें नातें याच प्रकारचें आहे.

हें रान मोकळें कसें होतें? एक तर लाळ कमी होते. निरोगी माणसाच्या तोंडांत दिवसाकाठीं सुमारें अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती तोंड धुते, आंबटपणा मारते, आणि दांतांच्या कवचांतून निघून गेलेले क्षार कांहीं अंशीं परत भरते. लाळ आटली कीं किडीस व जंतूंस सवड मिळते. दुसरें असें कीं, दीर्घ ताणांत कॉर्टिसॉल नांवाचा अंतःस्राव रक्तांत वारंवार वाढतो आणि शरीराची रोगप्रतिकारक शक्ति विस्कळित होते. सूज वेळीं ओसरत नाहीं आणि जखम वेळीं भरत नाहीं.

हें केवळ तर्काचें बोलणें नाहीं. अमेरिकेंतील ओहायो राज्य विद्यापीठांतील संशोधकांनीं १९९८ सालीं एक लहानसा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. दंतवैद्यक शिकणाऱ्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर ३.५ मिलिमीटर व्यासाची सारखी बारीक जखम दोनदां करण्यांत आली; एकदां उन्हाळ्याच्या सुटींत आणि एकदां मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधीं. माणसें तींच आणि जखमहि तेवढीच होती. परीक्षेच्या वेळची जखम भरावयास सरासरीनें तीन दिवस अधिक, म्हणजे सुमारें ४० टक्के अधिक काळ लागला, आणि सुटींतल्याइतक्या लवकर ती एकाचीहि भरली नाहीं. परीक्षेची चिंता चार दिवसांची; मग पेरणीपासून सुगीपर्यंत चालणाऱ्या चिंतेचा विचार वाचकांनींच करावा.

ताण, उपासमार आणि अस्वच्छता एकत्र आलीं म्हणजे काय होतें याचा भयंकर दाखला पहिल्या महायुद्धाचा आहे. १९१४ ते १९१८ या काळांत युरोपांतील खंदकांत दिवस काढणाऱ्या कित्येक शिपायांच्या हिरड्यांचीं टोकें कुजूं लागलीं. असह्य वेदना, रक्तस्राव आणि दुर्गंधी हीं त्याचीं लक्षणें. त्या रोगाला 'ट्रेंच माउथ', म्हणजे खंदकाचें तोंड, असेंच नांव पडलें. तो एकापासून दुसऱ्यास लागतो असें प्रथम मानीत. पुढें कळून आलें कीं भय, जागरण, निकृष्ट अन्न, धूम्रपान आणि दांत घासावयास न मिळणें यांनीं प्रत्येकाच्या तोंडांतील जंतूंनाच जोर चढत होता.

तिसरी वाट : काळजीच्या संवयी

ही तिसरी वाट सर्वांत रुंद आहे, आणि आमच्या मतें आपल्या खेड्यांतील बहुतेक दांत याच वाटेनें जातात. मन उद्विग्न असलें म्हणजे मनुष्य स्वतःची निगा सोडतो. रात्रीं दांत घासणें दूरच, सकाळींहि चूळ भरून तो चहा घेतो. गोड चहाचे पेले वाढतात, जेवणाची वेळ राहत नाहीं, आणि हात चंचीकडे जातो.

तंबाखूनें मन शांत होतें असा पुष्कळांचा अनुभव आहे, आणि तो खोटा नाहीं. पण तो अर्धाच खरा आहे. मागच्या चिमटीनें जी तलफ निर्माण केली ती पुढच्या चिमटीनें शमते, आणि त्या शमण्यालाच आपण शांति म्हणतों. सन २०१६–१७ च्या राष्ट्रव्यापी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें २४ जण खाण्याची, चघळण्याची किंवा दांतांस लावण्याची तंबाखू वापरीत असल्याचें आढळलें. राज्यांत गुटख्यावर २०१२ सालीं बंदी आली; संवय मात्र राहिलीच. आपल्या मायभगिनींची मिश्री हीहि भाजलेली तंबाखूच होय. तिला दंतमंजन समजून लहान मुलींच्या हातीं देणाऱ्या आजीबाईंना हें कोणीतरी प्रेमानें सांगितलें पाहिजे.

तंबाखूची गोळी जेथें धरली जाते तेथील हिरडी खालीं सरकते, दांताचें मूळ उघडें पडतें, आणि गालाच्या आंत पांढरा चट्टा उठतो. अशा तंबाखूनें तोंडाचा कर्करोग होतो ही गोष्ट निर्विवाद सिद्ध झालेली आहे. विडी-सिगारेटचा आणखी एक कावा आहे. तिच्यामुळें रोगट हिरडींतूनहि रक्त कमी येतें. रक्त येणें ही हिरडीची हांक असते; विडी ती हांकच दाबून टाकते. आपली हिरडी उत्तम आहे अशा समजांत विडी ओढणारा गृहस्थ राहतो, आणि आंतून हाड झिजत जातें.

पैशाची ओढ आणि हिरडी : एक पाहणी

आतां आम्ही ज्या पाहणीकडे वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों, ती अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्याच्या ईरी परगण्यांत झाली आणि १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. रॉबर्ट जेन्को आणि त्यांचे सहकारी यांनीं २५ ते ७४ वर्षांच्या १,४२६ स्त्रीपुरुषांच्या हिरड्या व दांतांखालचें हाड तपासलें, आणि त्यांच्या आयुष्यांतील निरनिराळ्या ताणांविषयीं प्रश्न विचारले. पैशाची ओढ ज्यांना अधिक होती, त्यांच्या हिरड्यांची व हाडाची हानि अधिक आढळली. वय आणि धूम्रपान यांचा हिशेब वेगळा काढल्यावरहि हा संबंध उरला.

पण खरी बोधप्रद गोष्ट पुढेंच आहे. पैशाची ओढ असलेल्या लोकांचे त्यांनीं संकटास तोंड देण्याच्या रीतीवरून भाग पाडले. जे मनांतल्या मनांत कुढत राहिले किंवा अडचणीकडे पाठ फिरवून बसले त्यांच्यांत हानि अधिक होती. उलट, जे अडचण समोर ठेवून तिच्यावर कांहीं उपाय योजीत होते, त्यांच्या हिरड्यांची हानि पैशाची ओढ नसलेल्या लोकांपेक्षां अधिक नव्हती. ओढ तीच, पण तिला सामोरें जाण्याच्या रीतीप्रमाणें तोंडांतील परिणाम निराळा आढळला.

एका वेळीं केलेल्या अशा पाहणीवरून अमुकच कारण व तमुकच कार्य असें ठामपणें म्हणतां येत नाहीं, हें आम्ही जाणतों. शिवाय उपाय योजण्यासाठीं हातीं कांहीं तरी साधन असावें लागतें. ज्याच्या हातीं कांहींच उरलें नाहीं त्याला कुढूं नकोस असें सांगणें निष्ठुरपणाचें होईल. दुष्काळ आणि पडलेले भाव हे शेतकऱ्याचे दोष नव्हेत. तथापि या पाहणीचा रोख आपल्या रोजच्या अनुभवाशीं जुळतो. कर्जाचा आंकडा मनांत ठेवला म्हणजे तो रात्रीं वाढतो; कागदावर मांडला म्हणजे निदान तेवढाच राहतो. घरांतील माणसांस तो सांगितला, आपल्या मंडळांतील अनुभवी सभासदांबरोबर बसून हप्त्यांची फेरमांडणी, पीकविमा, जोडधंदा यांचा विचार केला, तर कर्ज लगेच फिटत नाहीं. पण मनुष्य एकटा राहत नाहीं. आपल्यासारख्या मंडळाचें हेंहि एक काम आहे असें आम्ही समजतों.

काय करावें

पहिली गोष्ट, तोंड पाहावें. उजेडांत आरसा धरून महिन्यांतून एकदां हिरड्या, गालाची आंतली बाजू, जीभ आणि जिभेखालची जागा निरखावी. दांत घासतांना रक्त येणें, दांत लांब झाल्यासारखे दिसणें, दांतांत नव्या फटी पडणें, तोंडास दुर्गंधी येणें, हीं हिरडीच्या रोगाचीं लक्षणें होत. सकाळीं जबडा आंबणें, दांतांचे माथे सपाट दिसणें, गार पाणी झोंबणें, हीं दांत खाण्याचीं. काळजीच्या दिवसांत तोंड येतें आणि तें बहुधा आठ-दहा दिवसांत बरें होतें. पण जो व्रण किंवा चट्टा तीन आठवड्यांत बरा होत नाहीं तो डॉक्टरांस दाखविलाच पाहिजे, मग तो दुखत असो वा नसो.

दुसरी गोष्ट, दिवसांतून दोनदां, आणि त्यांतून रात्रीं निजण्यापूर्वीं तर न चुकतां, मऊ ब्रशानें व फ्लोराइडयुक्त पेस्टनें दांत घासावे. राखुंडी, विटेची पूड आणि मिश्री यांनीं दांत घासले न जातां खरवडले जातात. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वापरणाऱ्यांनीं तिचा कुंचला चांगला मऊ चावून घ्यावा आणि हिरडीवर जोर देऊं नये. रक्त येतें म्हणून तेथें घासावयाचें सोडूं नये. बहुधा तेथेंच थर सांचलेला असतो.

तिसरी गोष्ट, किटण दंतवैद्याकडून काढवून घ्यावें. किटण काढल्यानें दांत सैल होतात ही समजूत चुकीची आहे. हाड झिजून दांत आधींच सैल झालेला असतो. किटणाच्या लिंपणानें तो घट्ट भासत असतो इतकेंच. जिल्हा रुग्णालयांत दंतवैद्य असतात, आणि मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें शासकीय दंत महाविद्यालयें आहेत. खाजगी खर्च न झेपणाऱ्यांनीं तेथें जावें. दाढ दुखतांच ती काढून टाका असा आग्रह धरूं नये; ती कां दुखते हें आधीं विचारावें.

चौथी गोष्ट दांत आवळणाऱ्यांसाठीं. ओठ मिटलेले आणि दांत सुटे, ही तोंडाची विश्रांतीची स्थिति होय. औताचें प्रत्येक तास संपतांना, मोटारपंप सुरू करतांना, फोन खालीं ठेवतांना, आपले दांत एकमेकांस लागले आहेत काय हें पाहावें आणि लागले असल्यास जबडा सैल सोडावा. आठ-पंधरा दिवसांत ही संवय लागते. झोपेंत दांत खाणाऱ्यांस दंतवैद्य मापाची पट्टी करून देतात. तिनें खोड मोडेलच असें नाहीं, पण दांत झिजण्यापासून वांचतात. रात्रीची दारू आणि उशिराचा चहा टाळल्यानेंहि पुष्कळांस गुण येतो. जो मोठ्यानें घोरतो आणि दिवसा पेंगतो, त्यानें श्वासाची तपासणी करून घ्यावी.

पांचवी गोष्ट, मधुमेह असणाऱ्यांनीं हिरड्यांस विशेष जपावें. मधुमेहानें हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्यांच्या रोगानें रक्तांतील साखर आटोक्यांत ठेवणें कठीण जातें. मनाच्या आजारावरील कांहीं औषधांनीं तोंडास कोरड पडते. म्हणून तीं औषधें आपल्या मनानें मुळींच बंद करूं नयेत. डॉक्टरांस सांगावें, पाण्याचे घोट वरचेवर घ्यावे आणि गोड गोळ्या चघळूं नयेत.

सहावी व शेवटची गोष्ट. तंबाखू सोडूं इच्छिणाऱ्यांसाठीं १८००-११-२३५६ हा शासनाचा विनामूल्य दूरध्वनि आहे. आणि काळजी इतकी वाढली असेल कीं झोप येत नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, किंवा जगणें नकोसें वाटतें, तर १४४१६ या क्रमांकावर बोलावें. 'टेलि-मानस' नांवाची ही शासकीय सेवा २०२२ सालीं सुरू झाली असून तेथें मराठींत बोलतां येतें. दाढ दुखली म्हणून दंतवैद्याकडे जाण्यांत जशी लाज नाहीं, तशी यांतहि नाहीं.

पाऊस आपल्या हातीं नाहीं आणि बाजारहि नाहीं. रात्रीं निजण्यापूर्वींचीं दोन मिनिटें मात्र आपल्या हातीं आहेत, आणि तेवढ्यानें काळजीची तोंडांतील पुष्कळशी वाट बंद होते. दांत आहेत तर चणे नाहींत आणि चणे आहेत तर दांत नाहींत, असें आपल्याकडे म्हणतात. चणे पिकविणें हा आपला धंदाच आहे. ते पिकतील तेव्हां खावयास दांत असावेत, एवढी तजवीज प्रत्येकानें आजपासून करावी. येत्या बाजाराच्या दिवशीं बैलाचें तोंड उघडण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं घरच्या आरशांत आपलें तोंड एकदां उघडून पाहावें, आणि घरधनिणीसहि पाहावयास सांगावें, असें आम्ही आग्रहानें सुचवितों.